शेरा

लानचौच्या कचेरीत हीटर सुरू झाला की
पहिल्या दिवशी जळक्या धुळीचा वास येतो.
त्याच दिवशी हे पान उघडलं:
स्त्री, वय एकसष्ट, आडनाव झाकलेलं.
यकृताचे आकडे आभाळाला टेकलेले.
कारण: अज्ञात.
सोबत घेतलेली औषधं: नाही.

असे महिन्याला नऊशे कागद येतात माझ्याकडे.
पुरळ, उलटी, धाप,
इंजेक्शननंतर तिसऱ्या मिनिटाला हुडहुडी.
डोळ्यांत तेल घालून वाचा, म्हणतात साहेब.
मी थेंब घालते, डॉक्टरने दिलेले,
आणि वाचते.

यंत्र रकाने मोजतं. चार चौकोनांचा हिशेब त्याचा:
हे औषध, हा त्रास.
हे औषध, दुसरा त्रास.
दुसरं औषध, हाच त्रास.
उरलेलं सगळं जग चौथ्यात.
पण पहिला चौकोन भरायचा कशाने,
औषधाच्या जागी "नाही" असेल तर?

पान मिटणारच होते.
खाली शेऱ्यात, जिथे कुणी काही लिहीत नाही,
तालुक्याच्या नर्सने लिहिलं होतं:
"बाई वयाच्या मानाने तरुण दिसतात. केस काळेभोर, कलप नाही."

का लिहिलं असेल हे?
रात्रपाळीला त्या पिवळ्या डोळ्यांवरचे केस
बघत बसली असेल.
स्वतःचे गळत असतील.

यकृत शोधायचं मी सोडून दिलं.
शोधाच्या चौकटीत लिहिलं: केस.
टक्कल आलं, खाज आली, कोंडा आला ढीगभर.
आमच्याकडे प्रत्येक रुग्ण एक केस,
आणि मी केसांत केस शोधत होते.
मग सापडत गेले, तीन वर्षांत विखुरलेले:
"केस पुन्हा काळे होताहेत, रुग्ण आनंदी."
"मुलगी म्हणते, आई दहा वर्षांनी लहान झाली."
थ्येनश्वेईचा एक निवृत्त ट्रकचालक, "भुवयासुद्धा".
सात.
सातही जणांचे डोळे पिवळे,
सातही जणांच्या औषधाच्या रकान्यात नाही.

नर्सला फोन लावला. माओ जिंगलान, आवाजात झोप.
औषध काहीच नाही घेत त्या, म्हणाली.
मग थांबली.
पलंगाखाली बरणी आहे एक.
दारूत मुरवलेली मुळी, रात्री एक पेला.
पण ते काय औषध? ती तर मुळी.

हो-शौ-वू. नावातच सगळं लिहिलंय:
हो नावाच्या म्हाताऱ्याचं काळं डोकं.
आमच्या रकान्यात नाही,
त्यांच्या बरणीत हो.

माझे वडील काष्ठौषधींच्या दुकानात तराजू धरायचे.
नऊ वेळा वाफ, नऊ वेळा ऊन,
तेव्हा कुठे ही माणसाळते, म्हणायचे.
कच्ची कुणी मागितली तर
आधी विचारायचे, कुणासाठी?
आता पाकीट विचारत नाही.
केसाने गळा कापतात, हे ऐकून होते.
तो इतका मऊ, इतका काळा असेल
असं वाटलं नव्हतं.

वर पाठवलेल्या कागदात लिहिलं: शक्यता. पुरावा नाही. सात.
साहेबांनी "सात" खाली रेघ मारली
आणि चहा मागवला.

सातातली एक मार्चमध्येच गेली होती.
शवपेटीत निजवण्याआधी सुनेने वेणी घातली,
तिच्याही शेऱ्यात आहे,
एकही पांढरा सापडला नाही.

एकसष्टची बाई जगली.
बरणी जिंगलानने स्वतः मोरीत ओतली.
डोळे निवळलेत, म्हणाली, पण रोज आरसा मागतात
आणि विचारतात,
आता पुन्हा पांढरे होणार का गं?

परिणामाच्या रकान्याला चार पर्याय आहेत.
मी "सुधारणा" निवडलं
आणि शेऱ्यात त्यांचा प्रश्न उतरवला,
जसाच्या तसा.