जोडणी

साखर पेठ, घर नंबर चारशे बारा.
मोडी घाईची, ओळी घसरलेल्या.
मानमोडीचा महिना. एका पानावर एकेचाळीस,
आणि शाईत कुणीतरी पाणी घातलेलं.

मी रकाने भरते.
धंदा: माग. आजार: ताप.
धंदा: माग. आजार: ताप.
वयं बहुतेक पाचाच्या पाढ्यातली.

यल्लव्वा, नवरा नरसय्या गड्डम, वीस, ताप. सन अठरा.
मग जन्माच्या वहीत, सन एकवीस:
आई यल्लूबाई, बाप नरसू गडम,
घर तेच, मुलगा.
मशीन दोघींना एक करतं,
खात्री ब्याण्णव टक्के.

मेल्यावर तीन वर्षांनी बाळंत झालेली बाई
मी पडद्यावर बराच वेळ बघत बसते.

तस्लीम म्हणते, कारकून चुकला असेल.
असेलही. पण माझ्या आत्याच्या सासरी
दुसरेपणावर दिलेल्या मुलीला
पहिलीचंच नाव ठेवलं होतं,
भांड्यांवर आधीच कोरलेलं होतं म्हणून.

मी जोड उसवते.
एकीला मरू देते, दुसरीला नवा नंबर:
सत्तर हजार एकशे चार.
शेऱ्यात लिहिते, दोघी असाव्यात.
तिचं माहेरचं नाव विचारणारा रकाना
आम्ही केलेलाच नाही.

पाच वाजले. खाली चादरींचा टेम्पो
बोळातून मागं घेतायत,
एक पोरगा पत्र्यावर थापा मारत ओरडतोय,
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.