पेटी कुठं ठेवायची

भिशी लागली आणि मी सांगून टाकलं,
यंदा पाटल्या नाहीत. सबवूफर.
अंबादास हसला, मग दोन दिवस
मोबाइलवर वॉटचे आकडे वाचत बसला.
त्याला सिनेमा हवा. इमारत कोसळली की
तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायला हवीत.
मला डग्गा हवा.
मनगट चामड्यावर घासत पुढं जातं
तेव्हा जो हुंकार निघतो,
टीव्हीच्या पोटात कधीच नसलेला,
तेवढाच.

नवी पेठेत इरेशअण्णाचं दुकान.
एप्रिलची दुपार, पंखा नुसता नावाला.
"भोकाची पेटी घ्या की ओ ताई,
गड्ड्यात पाळण्याखाली उभारल्यागत वाटतंय बघा."
वाटलं खरं. छातीतली हवा कुणीतरी
उसनी नेली आणि परत आणून दिली.
पण डग्गा लावला तर एका थापेची शेपटी
पुढच्या थापेत अडकली.
मग बंद पेटी. दहा इंची, काळी, ठोकळा नुसता.
बोलते कमी, पण बोलली की
थांबायचं कुठं ते तिला कळतं.
असं माणसांत बघितलं नाही, मी म्हणाले,
आणि अंबादासकडं मुद्दाम पाहिलं नाही.

अडीच हजार कमी करायला पाऊण तास,
त्यात दोनदा ताक.

आमची खोली दहा बाय चौदा.
पलीकडची भिंत नागमणीबाईंची, त्यांना बीपीच्या गोळ्या चालू.
खाली शहाबादी फरशी, आणि खिडकीशी
सिमेंटनं बुजवलेली चार भोकं.
मागाचे बोल्ट होते तिथं.
माग भंगारात गेला त्याच वर्षी
मी या घरात आले.

अण्णानं एक रीत सांगितली होती:
पेटी आधी ठेवा आपण बसतो तिथं,
गाणं लावा, आणि भिंतीकडेनं रांगत फिरा.
ठोका जिथं नीट ऐकू येईल, ती तिची जागा.
अंबादासचे गुडघे दुखतात.
मी पदर खोचला.
कपाटाशी काहीच नाही.
दाराशी नुसती ढबढब.
देवळीखाली बरं, पण तिथं सिलिंडर.

मामा खाटेवरून बघत होते.
नरसय्या, वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं मागाशेजारी.
माझा आवाज त्यांना ऐकू येत नाही,
कुकरची शिट्टी नाही, फोन नाही.
जेवायला चला म्हणायचं तर हात हलवायचा.
उतरले, लुंगी आवरली,
आणि माझ्यामागं रांगायला लागले.
कान नाही लावला. दोन्ही तळवे फरशीवर,
पोराचा ताप बघावा तसे.
खिडकीशी थांबले.
"इक्कड," म्हणाले.

मी वाकून ऐकलं. वाईट जागा.
आवाज फुगत होता, एका अंगानं फुटलेल्या भाकरीसारखा.
मान हलवली.
त्यांनी फरशीवर पुन्हा तळवा ठेवला. इक्कड.
अंबादास म्हणाला, राहू दे की.
मी म्हणाले, भिशी माझी.

शेवटी चपलांच्या रॅकशेजारी गेली पेटी.
डग्गा तिथं स्वच्छ येतो.
इमारतीही बऱ्या कोसळतात.
रात्री दहाला सगळं बंद.

मी शाळेतून पाचला येते.
महिनाभर बघतेय, फरशीवर
रॅकपासून खिडकीपर्यंत बारीक पांढऱ्या रेघा.
पेटी जाग्यावर असते,
म्हणजे जवळपास. चार बोटं तिरकी.
वायर उलट्या बाजूनं वळलेली.
काय लावतात, देव जाणे.

काल बोळात नागमणीबाई भेटल्या.
दुपारी काय चालू असतंय ओ तुमच्यात?
मला लाज वाटली. म्हटलं, बंद करायला सांगते.
नको नको, म्हणाल्या. झोप लागतीय बरी.

आज जुनी चादर काढली, विटकी,
तिचा एक चौकोन कापला
आणि पेटीखाली सरकवला.
अंबादासनं विचारलं, हे कशाला?
म्हटलं, फरशी खराब होते.