पान सत्तेचाळीस

कोपरखैरण्यात, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर
आमची मंडळी भरते.
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक तसेच असतात,
पुसायचे नाहीत, ही शाळेची अट.
तीन छेद चारच्या खाली उभे राहून
पाळकसाहेब क्षमेविषयी बोलतात,
आणि बाकांत मोठ्या माणसांचे गुडघे मावत नाहीत.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
सलोमीबाई भेटल्या त्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये,
अंधारात, अडकलेल्या.
दार वीतभर उघडलं तर आतून आधी पिशवी आली:
"ही धर. बोरं आहेत, चेंगरतील."
मग प्रश्न.
नाव? अनंत. आडनाव? खांबेटे.
तसा वाटत नाहीस, म्हणाल्या.
नाहीच. पनवेलच्या बालगृहात मी ज्या वर्षी आलो
त्या वर्षीच्या अधीक्षकांचं ते.
आतून बराच वेळ आवाज नाही.
मला वाटलं, श्वास कोंडला.
"रविवारी काय करतोस?"
"झोपतो."
"बरं. मग जेवायला ये. पण आधी शाळेत ये."

गेलो. जेवणासाठीच गेलो, खोटं कशाला बोलू.
पहिलं वर्षभर सगळे डोळे मिटायचे तेव्हा
मी दाराच्या बिजागरीकडे बघत बसायचो.

मंडळीची नोंदवही वाघचौरे सरांकडे.
एका कुटुंबाला एक पान.
माझ्या बाप्तिस्म्यानंतर सरांचं पेन अडलं:
एकट्या माणसाला अख्खं पान?
सर कंजूष नाहीत, वहीत पानंच थोडी उरली होती.
"आमच्या पानावर जागा आहे,"
सलोमीबाई मागून म्हणाल्या,
बाकावर जरा सरकून म्हणावं तसं.

पान सत्तेचाळीस.
वर यादवराव पाटोळे, नावावर लाल रेघ.
मग सलोमी. मग एस्तेर.
मग एक मुलगा, जन्म आणि मरण एकाच आठवड्यातलं,
नाव ठेवायला वेळ मिळाला नाही, तो रकाना कोरा.
त्याच्या खाली मी, निळ्या शाईत.
नात्याच्या रकान्यात सरांनी लिहिलं: मु.
आणि वाळावी म्हणून शाईवर फुंकर मारली.

एस्तेर दोन महिने माझ्याशी बोलली नाही.
"आईला लिफ्टमध्ये पोरगा सापडला,"
एवढंच, तेही लोकांना.
तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही.

मग पेटी की कीबोर्ड, यावरून मंडळी फुटायला आली.
तीन रविवार दोन बाजू
दोन निराळ्या पट्ट्यांत गायल्या.
मी कुणाच्याच बाजूला नव्हतो,
पाहुण्यानं काय बोलावं?
सलोमीबाईंनी सगळ्यांदेखत झापलं:
"तोंड शिवलंय का तुझं? घराला आग लागली तरी
असाच बसशील, चहाची वाट बघत?"
कान तापले.
पेटी, म्हणालो मी.
हरलो आम्ही. कीबोर्ड आला.
त्या रात्री मी दोनदा जेवलो.

साइटवर विचारतात, घरी मंडळी किती?
मी म्हणतो, बासष्ट.
हसतात.

जानेवारीत रात्री दोनला फोन, एस्तेरचा.
लिफ्ट बंद आहे. आई उठत नाही.
मी लिफ्टला हातही लावला नाही.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाच मजले उतरवलं,
कीबोर्डवाला नहूम पुढे, मी मागे,
वाघचौरे सर टॉर्च धरून उलटे उतरत,
प्रत्येक पायरीचा आकडा मोठ्यानं म्हणत.

वाशीच्या इस्पितळात फॉर्म आला.
एस्तेरनं वाचला, माझ्याकडे सरकवला:
"तू भर. तुझं अक्षर बरंय."
माझं अक्षर तिनं कधी पाहिलंय?

नातेवाइकाचं नाव. सही. नाते.
लिहिलं: मु.
खिडकीतला कारकून चष्मा वर करून म्हणाला,
मु. म्हणजे काय, मुक्काम?

हो, म्हटलं. तेही.