बिन

जहरामध्ये, मटणाच्या दुकानाला लागून
माझं टायपिंगचं टेबल. पाटीवर तीन भाषांत:
अर्ज, करारनामे, भाषांतर. बिनचूक.
चौथी भाषा पाटीवर नाही,
ती बाणकोटला फोन लावताना लागते.

धाही आला दुपारच्या नमाजानंतर,
चपला दाराबाहेर काढून,
जसा काही मी कोणी मोठा साहेब.
मोबाइलमध्ये पत्राचा फोटो, पत्रावर शिक्का
उत्तरेकडल्या कुठल्याशा देशाचा,
जिथे त्याचा मुलगा दोन हिवाळे
एका छावणीत वाट बघत बसलाय.

मी वाचून दाखवलं, हळू, अरबीत.
अर्जदार कोणत्याही देशाचा नागरिक नाही
याचा पुरावा सादर झालेला नाही,
सबब अर्ज नामंजूर.
सबब. आमच्याकडे तलाठी लिहितो हा शब्द.
मूळचा यांचाच, म्हणून बहुधा
त्याला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

धाही म्हणाला,
नसल्याचा दाखला कुठल्या खिडकीवर देतात?

इथे त्यांना बिदून म्हणतात.
बिदून म्हणजे विना. विना काय,
ते पुढे कोणी बोलत नाही.
त्याचा आजा याच गावाबाहेर पुरलाय,
उंट वळायचा, कागद विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

फॉर्मवर पहिलीच ओळ: नायिफ बिन धाही.
त्यांच्यात बिन म्हणजे मुलगा.
आमच्याही जुन्या मोडी दस्तात असायचं तसं,
अमका बिन तमका, वस्ती मौजे बाणकोट.
पण बिन म्हणजे शिवायसुद्धा,
बिनपगारी, बिनभाड्याची खोली, बिनकामाचा.
एकोणीस वर्षं मी त्यांची नावं टाइप करतोय
आणि दर वेळी आतल्या आत जीभ चुकते:
नायिफ, धाहीशिवाय.
आज चुकली असं म्हणता येईना.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. आनेलीस नाव.
कुठल्याशा संस्थेच्या, फी घेत नाहीत,
मागे कोणाचं तरी मूल रडत होतं.
अपिलाला अकरा दिवस, म्हणाल्या.
इतक्या वर्षांत यांनी कागद मागितले
आणि यांना मिळाले नाहीत
हे पाहिलेला कोणी आहे का तिथे?
लेखी. ओळखपत्रासह.

धाहीने माझ्याकडे पाहिलं नाही.
खिडकीबाहेर खाटीक लादी धूत होता, तिकडे पाहिलं.

माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात असतो.
येताना एजंटाने, आईने, मशिदीतल्या मुअज्जिनने
एकच सांगितलं होतं: बिनबोभाट राहा, दाऊद.
राहिलो. तीन मुलींची शिक्षणं झाली त्यात.

टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये
एक फोल्डर आहे, जे ठेवायला नको होतं.
नायिफच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज. शाळेसाठी.
बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी.
परत शाळेसाठी. ड्रायव्हिंग लायसन्स.
मृत्यूचा दाखला, स्मरणपत्र चार.
एकतीस. प्रत्येकाच्या खाली, कोपऱ्यात,
माझ्या दुकानाचा फोननंबर.

प्रिंटर घरघरला. शाई मधेच संपली,
शेजारच्या मल्याळी पोराकडून उसनी आणली.
शेवटी साक्षीदाराचा तक्ता.
नाव, पत्ता, अर्जदाराशी नातं:
टंकलेखक.
राष्ट्रीयत्व.

भारतीय.
सहा कळा, सात, मोजल्या नाहीत,
बोटं आपोआप गेली.
बाजूला धाही उभा होता.
मी स्क्रीन थोडा माझ्याकडे वळवला.

सिव्हिल आयडी काचेवर पालथा ठेवला,
झाकण दाबलं. खालून प्रकाश सरकत गेला
या टोकाहून त्या टोकाला.

धाही पैसे मोजत होता.
एकतीस पानं, पानाला शंभर फिल्स.
साक्षीचं पान मी धरलं नाही,
तर म्हणाला, बत्तीस होतात.
घेतले.
न घेते तर तो पुन्हा आला नसता,
आणि अजून अकरा दिवस जायचे होते.