कलम चौदा, पोटकलम क

सतरावी बैठक. मोटेलचा तळमजला,
गालिच्याला ओल्या लोकरीचा वास,
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी मागेपुढे.
इतिवृत्त मी लिहिते.
एरवी तीन नंबरच्या मशीनवर,
कागदाच्या रिळांपाशी असते.

टेबलाच्या त्या बाजूला पोर्टलंडहून आलेला वकील,
दोन हिशेबनीस, बाटल्यांतलं पाणी.
या बाजूला आम्ही पाच जण
आणि तेरेझने घरून आणलेला घेवड्याचा डबा,
झाकणाला चिकटपट्टी.

त्यांचा प्रस्ताव : तासामागे चाळीस सेंट वाढ.
आणि विमा उघडायच्या आधीचा खर्च, आपल्या खिशातला,
बाराशेवरून तीन हजार.
आवळा देऊन कोहळा, पण आवळाही
तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने.

मग पोटकलम क.
श्रवणयंत्रं यादीत नाहीत, वकील म्हणाला,
ती सोयीची वस्तू आहे, उपचार नव्हे.
गिरणीच्या आवाजाचं विचारलं
तर कंपनीने कानांवर हात ठेवले.
आम्हाला ती सवलत कधी नव्हती.
आमचे हात मशीनवर होते.

ओरेल मिशो माझ्या शेजारी.
चौतीस वर्षं ओल्या टोकाला,
पहिली अकरा कापसाच्या बोळ्यांवर.
तो मान डोलावतो. सगळ्यालाच डोलावतो :
फादरच्या प्रवचनाला, बँकेतल्या मुलीला,
घर पेटलंय म्हटलं तरी डोलावेल, असं ओडील म्हणते.

वकिलाने ते पाहिलं.
‘श्री. मिशोंना हे मान्य दिसतं. नोंद व्हावी.’

मी नोंद केली :
श्री. मिशो यांनी मान डोलावली.
पेन तिथेच थांबलं.
खाली लिहिलं : त्यांना ऐकू आलेलं नाही.
आणि वाचून दाखवलं.

तेरेझ उठली. कॉफीकडे जावं तशी
ओरेलच्या पाठीमागे गेली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,
‘ओरेल, तुझा ट्रक चोरीला गेला.’
तो समोर वकिलाच्या ओठांकडे बघत होता.
ओठ हलले नव्हते,
पण टेबलाभोवतीच्या माना वळल्या, काहीतरी बोललं गेलंय
एवढं त्याला कळलं.
त्याने मान डोलावली.

एक हिशेबनीस हसला.
मग त्याने समोरचे कागद उगाच
पुन्हा एकसारखे केले.
बराच वेळ फक्त बर्फाची गाडी.
ओरेलने मला हळूच विचारलं, म्हणजे त्याला वाटलं हळूच,
‘काय झालं?’
सगळ्या खोलीने ऐकलं.

आणखी चार बैठका.
शेवटची पहाटे पावणेतीनला मिटली.
चाळीस सेंटचे अठ्ठावीस झाले,
तीन हजारांचे बावीसशे.
पोटकलम क : श्रवणयंत्र, पाच वर्षांतून एकदा,
एका कानासाठी.

शाळेच्या जिममध्ये मतदान.
बाजूने दोनशे अकरा, विरुद्ध एकशे अठ्ठ्याण्णव.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
घडीच्या खुर्च्या ज्याने त्याने मिटून भिंतीला लावल्या.
माझा दीर रेमाँ विरुद्ध होता, अजून बोलत नाही.

मार्चमध्ये फॉर्म आले.
डावा / उजवा, एकावरच खूण करा.
ओरेल टोपी काढून माझ्यासमोर बसला.
‘उजवा,’ म्हणाला.
डॉक्टर काय म्हणतात, मी ओरडून विचारलं.
डावा बरा आहे म्हणतात, तोच वाचवा म्हणतात.
‘मग?’
‘ट्रक मी चालवतो. ओडील उजवीकडे बसते.’
थोड्या वेळाने, ‘वळायचं कुठे ते तीच सांगते ना.’

मी खूण केली. तारीख घातली.
सही करताना त्याने
विचारलं काहीच नसताना मान डोलावली.

माझी तपासणी मी अजून केलेली नाही.
फॉर्म खणात आहे, कोरा.
हल्ली फोन आला की
मी तो डाव्या हातातून उजव्यात घेते.