नाव काढण्याचा अर्ज

सोमवारी राजधानीतून यादी आली.
एकशे बारा नावं,
सोबत सूचना: प्रत्येकाला पत्र धाडा,
तीस दिवसांत नागरिकत्वाचा पुरावा घेऊन या म्हणावं.
टेक्सासच्या या कोपऱ्यातल्या निवडणूक कचेरीत
आम्ही दोघीच, मी आणि वेर्ना.
बाहेर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती
(इथला वारा कुणालाच धड उभं राहू देत नाही)
आणि आम्ही पाकिटं चिकटवत होतो
बशीतल्या ओल्या स्पंजानं.

एकशे बारातले नऊजण मला ठाऊक होते.
एकजण आमच्या चर्चचा पियानो सुरात लावून देतो.
एक तर याच गावच्या इस्पितळात जन्मलेला,
कळा सुरू झाल्यावर त्याच्या आईला मीच गाडीतून नेलं होतं.
वेर्ना म्हणाली, यादी वरून आलीय.
वरून म्हणजे कुठून,
ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

चौतिसावं नाव: खामफोन सुवान्नारात.

ती विसाव्या दिवशी आली.
कत्तलखान्यातली रात्रपाळी उरकून, केसांवर जाळी तशीच,
कोटाला शीतगृहाचा वास.
पिशवीतून पिशवी, तिच्यातून रुमाल,
रुमालातून प्लास्टिक, आणि प्लास्टिकमध्ये तो कागद.
फोटोत ती बारा वर्षांनी लहान
आणि कुणीतरी हसू नका म्हटल्यासारखी.

गोम एवढीच होती:
त्याच्याही आधी, वाहन परवान्याच्या फॉर्मवर
नागरिक आहात का, या प्रश्नापुढे
तिनं खरं ते लिहिलं होतं. नाही.
पुढे ती शपथ घेऊन आली, चारदा मत देऊन गेली,
संगणकात मात्र ती अजून त्याच खिडकीपाशी उभी,
नाही म्हणत.

शपथेच्या वेळी बोटांचे ठसे तीनदा घ्यावे लागले, तिनं सांगितलं.
सुरी, बर्फ, गरम पाणी, पुन्हा सुरी.
यंत्राला बोटांवर काही सापडेचना.
सांगताना तिनं हात काउंटरवर उताणे ठेवले,
आणि मी उगाच वाकून पाहिलं.

झालं, म्हटलं मी. तुमचं नाव आता पक्कं.

ती हलली नाही.
म्हणाली, आता काढून टाका.

यादीत नाव असलं की पत्र येतं.
पत्राला पत्ता लागतो.
गुरुवारी फाटकासमोर दोन पांढऱ्या गाड्या होत्या, काचा काळ्या.
सोमलितला नेलं.
कागद त्याच्याकडेही होता,
घरी, कपाटात.

तुम्ही नागरिक आहात, मी म्हटलं, तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही.
कुठल्याशा कंपनीला फोन लावल्यावर
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणणारी जी बाई असते,
तिच्या आवाजात म्हटलं.

तो अर्ज खालच्या खणात असतो.
अर्धं पान. एक सही.
गाव सोडून जाणाऱ्यांसाठी, वारलेल्यांच्या मुलांसाठी ठेवलेला.
यादीत राहायला शिक्का, फोटो, तीनदा ठसे.
यातून जायला काहीच विचारत नाहीत,
पेनसुद्धा आमचंच.

तिनं पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता,
परीक्षेच्या पेपरावर लिहावं तसं.
मग जरा मोकळी झाली.
धाकटी दातांची डॉक्टर होतेय, म्हणाली,
आमच्या सगळ्या कुळात पहिलीच.
पोरीनं नाव काढलं.
आणि प्लास्टिक, रुमाल, पिशवी, पिशवी,
सगळं उलट्या क्रमानं आत गेलं.

सात दिवसांत निकाली काढावा, असं अर्जावर छापलंय.
तो माझ्या ट्रेमध्ये आहे, स्टेपलरखाली.
वेर्नानं दोनदा विचारलं.
मी रोज शिक्क्यावरची तारीख फिरवते,
शाईवर दाबते,
आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कागदावर मारते.

आज सहावा दिवस.