बूड

दिवाडीच्या फेरीधक्क्यावर बत्तीस खांब यायचे होते,
मांडीइतक्या उंचीचे,
दिवा डोक्यात नाही, मानेत.
खांबांच्या आधी आले त्यांचे पाय :
एकशे अठ्ठावीस बोल्ट, वर चार जादा,
गोणपाटात एकमेकांत अडकलेले,
खाली काठीच्या मुठीसारखे वाकवलेले,
वर आटे.

मी नवी. हातात ड्रॉइंग, पायात कोरे बूट.
इनास मेस्त्रीने ड्रॉइंग उलटं धरलं, मग सुलटं,
मग मला म्हणाला,
"दिवो कोणूय लायतलो गो बाय. धरून कोण दवरतलो?"

प्लायवूडचा साचा केला, चार भोकांचा.
बोल्ट साच्यातून लोंबत ठेवायचे
आणि काँक्रीट त्यांच्याभोवती ओतायचं, हळू,
तापातल्या माणसाला पेज भरवावी तसं.
मधोमध केबलचा पाइप, तोंडाला चिंधी.
चिंधी का, मी विचारलं.
"ना जाल्यार पयली कुर्लीच भितर सरता."

खांब आले नाहीत.
पुण्याहून सुटले म्हणे. चोर्ल्याच्या घाटात ट्रक बंद पडला म्हणे.
मग बिल अडकलं, ते खरं होतं.
तीन महिने बत्तीस चौथरे,
प्रत्येकातून चार बोटं वर.
कुणी होडीचा दोर गुंडाळला, कुणी शेळी बांधली,
रोमाल्दीन एका चौथऱ्याला टेकवून बांगड्यांची पाटी ठेवायची
आणि ती जागा आपलीच म्हणायची.
एका पोराचा अंगठा फुटला,
त्याची आई थेट माझ्या अंगावर आली.
सतरा नंबरवर कुणीतरी रात्री स्कूटर घातली.
मी साहेबांना फोन केला. साहेब मीटिंगमध्ये.

इनासने आट्यांना ग्रीस फासलं,
बागेच्या नळीचे बोटभर तुकडे कापून
एकेका बोल्टावर चढवले,
आणि वरचं तोंड मेणाने बुजवलं.
मेण कपेलातलं, थोटकांचं.
पाद्रीला विचारलं होतं का, ते मी विचारलं नाही.

खांब आले तेव्हा पाऊस संपत आला होता.
पहिली प्लेट बोल्टांवर ठेवली.
बसली नाही.
फिरवून ठेवली. बसली नाही.
पाच मिलिमीटर.
सुधारित ड्रॉइंग माझ्या मेलमध्ये होतं,
अकरा मार्चपासून, न उघडलेलं.
मी ते तिथेच उभ्याने उघडलं, आणि फोन त्याच्यापुढे धरला,
कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.
त्याने बराच वेळ पाहिलं.
मग पिशवीतून गोल कानस काढली.

एकशे अठ्ठावीस भोकं, चार दिवस.
गोल भोकं लांबट झाली.
उघड्या पडलेल्या धातूवर जस्ताचा रंग, दोन हात.
दुसरी कानस मी घेतली; माझी भोकं कुठली
ते आजही बोटाने सांगू शकेन.

मग खालचा नट, प्लेट, वायसर, वरचा नट.
खालचा नट हवाच, कारण
जमीन सपाट आहे हे फक्त कागदावर.
बुडबुडा मध्ये येईपर्यंत
एकेक पाव फेरा, इकडचा सैल, तिकडचा घट्ट.
सतरा नंबरचा बुडबुडा मध्ये आला नाही.
तिथला एक बोल्ट अजून स्कूटरच्या बाजूला झुकलेला आहे,
त्या दिव्याचा उजेड वाटेवर थोडा कमी
आणि पाण्यात थोडा जास्त पडतो.

उद्घाटनाला सगळ्या नटांवर पांढरी झाकणं बसवली.
फोटो काढणारा म्हणाला, काय सुंदर,
अगदी बिनबुडाचे वाटतात, तरंगताहेत जणू.
इनास माझ्याकडे बघून हसला नाही.
शेवटची फेरी लागली. माणसं उतरली.
त्या उजेडात माणसं दिसत नाहीत,
चपला दिसतात, टाचा,
रोमाल्दीनच्या पाटीतून ठिबकणारं पाणी.

जादाचे चार बोल्ट उरले होते.
त्याच्या घरापुढचा खुरीस कलला होता, त्याला हवे होते.
मी दिले. सही घेतली नाही.
तो दोन पावलं गेला आणि वळला.
"कागदय दी गो बाय."
कुठला?
"नवो."